प्रोटोबफमधली गोल अवलंबित्वं: एकच फाइल की नुसता आयडी?

प्रोटोबफ म्हणजे प्रोग्रामांमध्ये पाठवायच्या डेटाची रचना प्रोटो फाइलींत लिहून ठेवायची पद्धत; अशा एका रचनेला मेसेज म्हणतात. समजा ‘विभाग’ या मेसेजला ‘कर्मचारी’ हवा, ‘कर्मचारी’ला ‘विभाग’. दोन्ही वेगवेगळ्या प्रोटो फाइलींत असतील तर इम्पोर्टचं वर्तुळ होतं आणि प्रोटोसी (या फाइलींवरून कोड बनवणारा कंपायलर) तिथेच अडतो. सुटका दोन.

पहिली, दोन्ही मेसेज एकाच फाइलीत. आधी कोणता, नंतर कोणता, याने फरक पडत नाही. दुसरी, ‘कर्मचारी’त विभागाचा फक्त आयडी ठेवायचा, मग ‘विभाग’ इम्पोर्ट करावाच लागत नाही.

मेहनत पहिलीत कमी. पॅकेज तेच ठेवलं तर वायरवरचे, म्हणजे प्रत्यक्ष पाठवले जाणारे, बाइट बदलत नाहीत. सीप्लसप्लसमध्ये हेडरचे इन्क्लूड मात्र सुधारावे लागतात. जावात मल्टिपल फाइल्सचा (प्रत्येक मेसेजला वेगळी जावा फाइल देणारा) पर्याय बंद असेल तर बाहेरच्या क्लासचं नावच बदलतं, आणि हे हमखास विसरलं जातं.

आयडीच्या मार्गात कष्ट डेटा वाचणाऱ्या कोडचे: आयडीवरून नोंद देणारा मॅप बांधा, त्यात शोधा, न सापडलेल्या आयडीचं काय ते ठरवा.

पण खरी गोम डेटात आहे. प्रोटोबफ झाड पाठवतो, जाळं नाही. विभागात ५० कर्मचारी आणि प्रत्येकात विभाग भरला, तर त्याच्या ५० प्रती जातात. गो भाषेत पॉइंटरनी खरंच वर्तुळ केलंत तर सीरियलायझेशन (डेटाचे बाइट बनवणं) स्टॅकची मेमरी संपेपर्यंत फिरतं. खोल झाडालाही मर्यादा आहे: सीप्लसप्लस आणि जावाचे पार्सर (बाइट वाचणारा कोड) मुळात १०० पातळ्यांनंतर थांबतात.

फाइल सिस्टिम, एक्स्प्रेशन ट्री (गणिती सूत्राची झाडासारखी मांडणी) अशा खऱ्या झाडांना एकच फाइल. एकाच नोंदीकडे अनेकांनी बोट दाखवायचं असेल, किंवा दोन फाइली दोन टीमकडे असतील, तर आयडीच.