घरच्या कार्यक्रमाचा स्वयंपाक: एकाने करावा, वाटून घ्यावा की मागवावा?

वाढदिवस, सण किंवा सगळं घर जमायचा दिवस जवळ आला की जेवणाचे तीन मार्ग दिसतात: घरातल्या एकाने सगळं रांधायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा किंवा बाहेरून मागवायचं. आपण बहुतेक वेळा पैसे आणि माणसं मोजून ठरवतो. मी आधी एवढंच बघेन की त्या दिवशी कोणाला निवांत बसून जेवता येणार नाही.

एकहाती स्वयंपाकाची चव वेगळीच असते. पदार्थ गरम वाढले जातात आणि कोणाला काय चालत नाही, हे करणारीला पाठ असतं. आठ-दहा माणसांपर्यंत हे जमतं, तेही चिरायला, वाढायला आणि नंतर आवरायला दुसरे हात असतील तरच. एरवी आई किंवा आजी सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं घेऊन बसते. ज्या दिवशी सगळे भेटतात, त्याच दिवशी ती कोणाशी धड दोन शब्द बोललेली नसते. मला हे पटत नाही.

दहा ते तीस माणसं असतील तर वाटून घेणं उत्तम. मात्र 'काहीतरी घेऊन या' असं मोघम सांगितलं की तीन गोड पदार्थ येतात आणि भात कोणीच आणत नाही. कोण काय आणि किती आणणार, हे आधी ठरवा. वीस जणांसाठी आठ पदार्थ असतील तर प्रत्येक पदार्थ वीस जणांना पोटभर पुरेल एवढा लागत नाही. दहा जणांचा अंदाज धरला तरी भरपूर होतो. ज्याला रांधता येत नाही त्याने फळं आणावीत किंवा भांडी घासायला उभं राहावं.

यातली खरी जोखीम प्रवासात आहे. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताला विशेष जपावं. तो बराच वेळ बाहेर राहिला तर त्यात जिवाणूंचं असं विष तयार होऊ शकतं जे पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात यजमानांच्या घरीच लावावा. लांबून येणाऱ्यांना कोरडे पदार्थ आणायला सांगावेत, नाहीतर सगळे एकदम पोहोचतात आणि गरम करायला शेगडीपाशी पातेल्यांची रांग लागते. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी: शेंगदाणे, तीळ, दूध, अंडं यांपैकी आत काय आहे. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला मग प्रत्येकाला विचारत फिरावं लागत नाही.

तीसच्या पुढे किंवा घरात आजारपण असेल तर खुशाल मागवा, त्यात कमीपणा नाही. फक्त त्या जेवणात आपल्या घराची अशी चव नसते, म्हणून एक पदार्थ तरी घरचा ठेवा. वाढदिवसाला तो त्या माणसाच्या आवडीचा असावा. सणाला मात्र दरवर्षी तोच. मुलं त्याचीच वाट बघतात.

तिन्हींपैकी काहीही निवडा, हा एक पदार्थ एकट्याने करू नका. बहुतेक घरांत त्याचं माप कुठे लिहिलेलं नसतं, ते आजीच्या हातात असतं. तिला 'किती घालतेस?' विचारलं तर 'अंदाजाने' हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा पिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा, तिला हवं तेवढं घेऊ द्या आणि डबा पुन्हा तोला. फरक तेवढं माप. तेल, साखर, मीठ सगळ्याचं असंच करा. घट्टपणा आणि रंग मात्र काटा सांगणार नाही, त्यासाठी नातवंडांपैकी एकाने पातेल्याशी उभं राहून ढवळायला हवं.