विश्रामबागचा हिरड्यांचा दवाखाना: दात वाचला, अर्धा तारा कापला

भडंगातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवायची पाळी सांगलीकरावर आली म्हणजे दुखणं कुठवर गेलंय ते समजा. खालचा पुढचा एक दात जिभेनं ढकलला तरी हलत होता. आधी जिथं दाखवलं तिथं दोन मिनिटांत निकाल मिळाला: काढून टाका, इम्प्लांट बसवू. मुलगी ऐकेना, म्हणून विश्रामबागला हिरड्यांच्या डॉक्टर मॅडमकडं गेलो.

पहिलाच प्रश्न, "तंबाखू, मिश्री?" मी नाही लावत. आई लावायची. पन्नाशीत तिचे निम्मे दात गेले, आम्ही वयावर ढकललं.

मग मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई घेऊन एकेका दाताभोवती सहा ठिकाणी मोजमाप. मॅडम आकडा बोलणार, मदतनीस पोरगी लिहिणार. "दोन, तीन, दोन... पाच, सहा, पाच." मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. सौद्यात आकडा चढला की बरं वाटतं, इथं घाम फुटला. तीनपर्यंत ठीक म्हणे. सहाच्या जागेवरून सळई निघाली ती रक्ताचा थेंब घेऊनच.

मी विचारलं, सैल झालेला खुंटा परत घट्ट कसा व्हायचा? मॅडमनी कागदावर चित्र काढलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यात साधारण पाव मिलिमीटरची फट असते, तिच्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. एक टोक मुळाच्या आवरणात रुतलेलं, दुसरं हाडात. आणि हे धागे जन्मभराचे नसतात. तिथल्याच पेशी जुने तोडतात, नवे विणतात. "त्वचेपेक्षा इथली उलाढाल कितीतरी जोरात असते," त्या म्हणाल्या.

उलाढाल म्हटल्यावर मला कळलं. हे चालू खातं आहे! कीटणातल्या जंतूंमुळं हिरडी सुजते, मग आपलंच शरीर कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स जास्त सोडतं. त्यात माझी साखर वाढलेली, एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.१. म्हणजे नावे वाढतंय आणि जमा घटतंय. जुन्या काळी खलाशांचे दात हलायचे तेही याचमुळं. महिनोन्‌महिने 'सी' जीवनसत्त्व पोटात नाही, तर नवे धागे धड विणले जात नाहीत, आणि जुने तुटायचे थांबत नाहीत. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरनं आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन बघितली, ते झपाट्यानं सुधारले.

उपचार दोन बैठकांत झाले. भूल देऊन हिरडीखालची मुळं खरवडली. भुलीमुळं दुखलं नाही, पण त्या मशीनची चिर्रर्र डोक्यात बसते. नंतर ट्रेमध्ये निघालेला माल दाखवला: मोहरीएवढे काळे, खरखरीत कण. इतकी वर्षं हे मी तोंडात साठवत होतो! हलणारा दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधून दिला. तपासण्या धरून ९,५०० रुपये झाले, पावती न मागता मिळाली.

तीन महिन्यांनी परत मोजणी: सहाचे चार, रक्त नाही. साखरही ७.४ वर आली. दात पूर्वीइतका पक्का नाही, पण हलणं बरंच कमी झालंय. गेलेलं हाड आपसूक भरून येत नाही, सूज उतरली की हिरडी खाली जाईल, फटी दिसतील, गार पाणी लागेल, हे मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तसंच झालं. फटीत मेथी अडकते, त्याचा ब्रश वेगळा घ्यावा लागतो.

आता तक्रार. काउंटरवर कोलॅजन पावडरचा डबा. "दातांसाठी चांगली, काका," म्हणून पोरगी गळ्यात मारायला लागली. मी थेट मॅडमना विचारलं. त्या हसल्या. "पोटात गेल्यावर तिचे पचून तुकडे होतात. हिरडीचा पत्ता शोधत जात नाही ती. डाळ, अंडी खा, पेरू खा." मग डबा कशाला ठेवलाय? कंपनीचा माणूस ठेवून गेला म्हणे. तीन महिन्यांनी गेलो तर डबा तिथंच, वर ऑफरची चिठ्ठी. अर्धा तारा त्याचा कापला.

साडेचार तारे. संध्याकाळची वेळ घेऊ नका, पाचची सांगून सव्वासहाला आत घेतात. सकाळी गर्दी नसते. जिना उभा आहे, म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर सोबत कुणीतरी असू द्या.