न्यूरोमस्क्युलर स्कोलिओसिसचा कोड एम४१.४ : काही महिन्यांच्या वापरानंतर

अंधेरीतील आमच्या कार्यालयात अमेरिकेतील रुग्णालयांच्या चार्टचे (रुग्णनोंदींचे) कोडिंग चालते, म्हणजे प्रत्येक निदानाला ठरलेला कोड दिला जातो, आणि गेले काही महिने माझ्याकडे लहान मुलांच्या अस्थिविकारांचे काम आहे. त्यामुळे आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निदान-कोडांच्या यादीतील एम४१.४ हा न्यूरोमस्क्युलर स्कोलिओसिसचा (मज्जातंतू वा स्नायूंच्या आजारामुळे कण्याला आलेल्या बाकाचा) गट जवळजवळ रोज हाताखालून जातो. या वापरातून माझे मत पक्के झाले आहे की हा गट उत्तम आखलेला आहे, पण मूळ आजाराचा कोड सोबत नसेल तर त्याचा उपयोग निम्म्याहून कमी होतो.

कोडाखालची सूचना याबाबत स्पष्ट आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), फ्रीडरिच अटॅक्सिया (तोल आणि हालचाली बिघडवणारा आनुवंशिक आजार), पोलिओ आणि इतर न्यूरोमस्क्युलर विकारांमुळे पाठीच्या कण्याला आलेला बाक येथे नोंदवायचा आणि मूळ कारणाचाही कोड द्यायचा. दोहोंपैकी पुढे कोणता, हे मात्र ती सूचना ठरवत नाही. रुग्ण कशासाठी आला त्यावर ते ठरते. कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या मुलाच्या चार्टवर एम४१.४ आधी येतो. तेच मूल न्यूमोनियासाठी दाखल झाले असेल तर न्यूमोनिया पुढे येतो.

नेहमी दिसणारा एक चार्ट घेऊ. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू क्षीण करत जाणारा आनुवंशिक आजार) असलेला किशोरवयीन मुलगा, चालणे थांबलेले, व्हीलचेअरवर अवलंबून, बाक छाती आणि कंबर यांच्या सांध्यावर, दाखल होण्याचे कारण स्पायनल फ्यूजन (मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया). येथे एम४१.४५, त्यानंतर जी७१.०१ आणि मग व्हीलचेअरसाठी झेड९९.३ असा क्रम लागतो. झेड९९.३ खाली ‘अवलंबित्वाचे कारण आधी नोंदवा’ अशी सूचना असून उदाहरणात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचाच उल्लेख आहे. तीन कोड वाचले की त्या मुलाची अवस्था समोर उभी राहते; नुसत्या एम४१.४५ वरून त्यातले काहीच कळत नाही. जी७१.०१ हा डुशेन आणि बेकर या दोन प्रकारांसाठीचा कोड १ ऑक्टोबर २०१८ पासून वापरात आला. त्यापूर्वी बहुतेक मस्क्युलर डिस्ट्रॉफी जी७१.० या एकाच कोडात जात. फ्रीडरिच अटॅक्सियालाही जी११.११ हा स्वतंत्र कोड ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाला. म्हणून जुन्या याद्या भिंतीवर चिकटवून काम करणाऱ्यांनी त्या दर ऑक्टोबरला बदलाव्यात, हे मी आग्रहाने सांगते.

सेरेब्रल पाल्सीच्या बाबतीत डॉक्टरांनी प्रकार लिहिलेला असणे फार महत्त्वाचे ठरते. स्पास्टिक क्वाड्रिप्लेजिक (चारही हातपाय ताठर) असेल तर जी८०.०, डायप्लेजिक (मुख्यतः पाय ताठर) असेल तर जी८०.१, आणि नुसतेच ‘सीपी’ लिहिले असेल तर जी८०.९ वर थांबावे लागते. पोलिओचे चार्ट आता प्रौढांचेच येतात. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींनी हा आजार जवळून पाहिलेला नसतो आणि त्यांचा हात चटकन ए८० कडे वळतो. तो चालू, तीव्र पोलिओचा कोड आहे. जुन्या पोलिओच्या परिणामांसाठी बी९१ लावायचा. पोस्टपोलिओ सिंड्रोम (पोलिओनंतर अनेक वर्षांनी पुन्हा येणारा अशक्तपणा) निराळा असून तो जी१४ मध्ये जातो.

पाचव्या अंकाने कण्याचा भाग सांगितला जातो : ४ म्हणजे छातीचा, ५ म्हणजे छाती-कंबरेचा, ६ म्हणजे कंबरेचा. अडचण इथेच येते. न्यूरोमस्क्युलर बाक बहुधा लांबलचक, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा असतो आणि पुष्कळदा ओटीपोटाच्या हाडांपर्यंत उतरून त्यांनाही तिरपे करतो. अशा वेळी बाकाचा शिखरबिंदू कोणत्या मणक्यावर आहे, हे डॉक्टरांनी लिहिले नसेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा, पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. एक्स-रे पाहून कोडरने स्वतः भाग ठरवणे योग्य नाही. “मॅडम, सरळ एम४१.४० टाकू का?” असे नवीन सहकारी विचारतात. क्वेरीचे उत्तर आलेच नाही तर तो ‘भाग अनिर्दिष्ट’ असा कोड चालतो, पण उत्तर मिळण्याची शक्यता असताना आधीच त्याचा आधार घेणे मला मान्य नाही.

माझी खरी तक्रार तीव्रतेबाबत आहे. कॉब कोन (एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन) ३० अंश असो वा ९०, कोड तोच राहतो, आणि या मुलांमध्ये वाढता बाक फुप्फुसांवर किती ताण आणतो हे पाहता ही उणीव मोठी आहे. मूळ आजाराच्या जोडणीबाबत म्हणायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये स्कोलिओसिसला एफए७०.१ हा कोड आहे आणि मूळ आजाराचा कोड तिरक्या रेषेने त्याला जोडून दोहोंचा एकत्रित संच करता येतो, ही रचना मला अधिक पटते. अमेरिकेचे काम अजून जुन्याच पद्धतीने चालत असल्याने आमच्या क्वेरीच्या नमुन्यात मी तीन प्रश्न कायमचे घालून घेतले आहेत : मूळ आजाराचा नेमका प्रकार कोणता, बाकाचे शिखर कोठे आहे आणि रुग्ण व्हीलचेअरवर अवलंबून आहे का.