हाडांचा ठिसूळपणा: गोळी, सलाईन आणि वजनं, दीड वर्षानंतरचा अनुभव

"औषध घ्यावं की व्यायाम करावा?" गेल्या दीड वर्षात अमळनेरमध्ये कितीतरी बायकांनी मला हे विचारलंय. माझं मत आधीच सांगते. एखादा मणका आधीच दबलेला असेल तर नुसत्या व्यायामाच्या भरवशावर राहू नका. आणि औषध चालू आहे म्हणून व्यायाम टाळूही नका. दोघांची कामं वेगळी आहेत, ती कशी ते खाली लिहिते.

माझं वय ६१. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आता निवृत्त. बेचाळिसाव्या वर्षी गर्भाशयाची पिशवी काढली, दोन्ही अंडाशयांसकट. आपल्याकडे हे ऑपरेशन किती सर्रास होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण अंडाशय गेले की इस्ट्रोजेन हे संप्रेरक जातं, आणि इस्ट्रोजेन गेलं की हाडांची झीज एकदम वेग घेते, हे त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. पाळी लवकर गेलेल्या किंवा पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईने हाडांची तपासणी करून घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

माझं निदान झालं ते पाठदुखीमुळे. पाण्याची बादली उचलताना कळ आली आणि दोन आठवडे राहिली. एक्स-रेमध्ये पाठीचा बारावा मणका पुढून दबलेला दिसला. मग डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. मुलगी नाशिकला असते, म्हणून तिथेच केला. टी-स्कोअर आला मणक्यात उणे २.९ आणि खुब्यात उणे २.३. तरुण निरोगी माणसाच्या हाडाशी तुलना करून हा आकडा काढतात. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान हाड विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. पण किरकोळ कारणाने मणका दबला असेल तर आकडा काहीही असो, डॉक्टर ते ऑस्टिओपोरोसिस म्हणूनच धरतात. इथे एक सांगायलाच हवं. गावोगावी शिबिरात टाचेवर मशीन लावून हाडांची तपासणी करतात, तो डेक्सा नव्हे. त्यावरून फार तर अंदाज येतो, औषध ठरवता येत नाही.

रक्तात ड जीवनसत्त्व ११ निघालं, २० च्या खाली म्हणजे कमतरता. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तिथे ऊन कमी कसं, असं घरच्यांना वाटलं. पण स्कूटीवर निघताना सनकोट, स्कार्फ आणि हातमोजे, घरी असताना पडदे ओढलेले. कातडीला ऊन लागतंच कुठे? आठवड्यातून एक अशी ६०,००० युनिटची पावडर आठ आठवडे घेतली, मग महिन्याला एक. ही कमतरता भरून काढल्याशिवाय हाडांचं मुख्य औषध, विशेषतः सलाईनमधलं, देत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम खाली जाण्याचा धोका असतो.

आता गोळी. ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. मी रविवार ठरवला. सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, दूध नाही, दुसरी कुठलीही गोळी नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बायकांनी त्या दिवशीचा क्रम डॉक्टरांना विचारून घ्यावा. हे नियम उगाच नाहीत. ही गोळी पोटातून जेमतेम एखादा टक्का अंगात शिरते, आणि कॅल्शियम किंवा दूध सोबत असेल तर तेवढीही नाही. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. एका मेडिकल दुकानात मला "रात्री जेवणानंतर घ्या" असं बिनदिक्कत सांगितलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद हाताशी होता म्हणून बरं.

पहिले काही महिने काही त्रास नव्हता. नंतर छातीत जळजळ सुरू झाली, गिळताना बोचल्यासारखं व्हायला लागलं. शेवभाजी बंद केली, ठेचा बंद केला, तरी फरक पडेना. डॉक्टरांनी गोळी थांबवून झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन सुचवलं: ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा. आधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहिलं, कारण मूत्रपिंड फार कमजोर असेल तर हे औषध देत नाहीत. दातांच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. या औषधांनी क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते, विशेषतः औषध चालू असताना दात काढला तर. म्हणून किडलेला दात आधीच काढून मोकळी झाले. आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या बायकांचे दात-हिरड्या काय असतात ते मी पाहते, त्यांनी तर हे टाळूच नये. तंबाखू हाडालाही वाईटच.

सलाईन अर्ध्या तासात संपलं. रात्री मात्र हुडहुडी भरून ताप आला, सगळं अंग ठणकत होतं. दुसरा दिवस पॅरासिटामॉल आणि भरपूर पाण्यावर काढला, तिसऱ्या दिवशी ताप गेला. पहिल्या सलाईननंतर हे बऱ्याच जणांना होतं, पुढच्या वेळी कमी होतं म्हणतात. तेव्हा घाबरू नका, पण सोबतीला कुणीतरी असू द्या.

एवढा खटाटोप कशाला? आकड्यांसाठी. हाड सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. ही औषधं मोडणाऱ्या पेशींना आवर घालतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आधीच मणका दबलेल्या बायकांमध्ये ॲलेन्ड्रोनेटने नवे मणके दबण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २००७ च्या अभ्यासात झोलेड्रोनिक ॲसिडने तीन वर्षांत मणक्यांचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. फ्रॅक्चर रोखण्याचा इतका पक्का पुरावा व्यायामाच्या बाजूने मला सापडला नाही. म्हणूनच मी औषध सोडलं नाही.

माझ्या मोठ्या नणंदेचं मत वेगळं. ताई धुळ्याहून आल्या की म्हणतात, "गोया कसाले खास वं, काम कर, हाडं मजबूत व्हई जातीन." त्यांची पिढी दळण-कांडण, शेतातली कामं करून मोठी झाली, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पण वयात येताना कमावलेलं हाड वेगळं आणि साठीत टिकवायचं हाड वेगळं. रोजच्या झाडू-पोछ्याची, भाकरी थापण्याची हाडाला सवय झालेली असते. सवयीपेक्षा जास्त भार पडला तरच ते प्रतिसाद देतं. नुसत्या चालण्याचाही हाडांच्या घनतेवर फारसा परिणाम होत नाही. हृदयाला, साखरेला ते चांगलं, म्हणून मी चालतेच. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका होत्या. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जड वजनं उचलली आणि उड्या मारल्या. दुसऱ्याने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली होती. मात्र तिथे प्रशिक्षक समोर उभे होते. व्हिडिओ बघून घरी जड वजनं उचलण्याची परवानगी यातून मिळत नाही.

मी एका फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा जाते. मुलीच्या वयाची आहे, मला काकू म्हणते, पण सूट अजिबात देत नाही. पहिला महिना वजन नव्हतंच. भिंतीपासून वीतभर पुढे उभं राहायचं, पाठीला एक लांब काठी लावायची, ती डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे, आणि मग नितंब मागे नेत भिंतीला लावायचे. गुडघे थोडेच वाकतात, वाक सगळा खुब्यातून येतो. काठी पाठीपासून सुटली की फिजिओथेरपिस्ट मला थांबवायची, "काकू, परत." हे अंगात मुरल्यावर रिकामी बादली, मग अर्धी भरलेली, मग डंबेल्स, आता लोखंडी दांडा. शिवाय खुर्चीवरून हात न लावता उठणं, पालथं झोपून छाती उचलणं, ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहणं. उड्या मला मना आहेत, मणका दबलेला असल्यामुळे. त्याऐवजी टाचा उचलून जमिनीवर आपटायच्या.

आणखी एक मना आहे ते म्हणजे पुढे वाकणं. सकाळच्या योगवर्गात पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं पादहस्तासन सगळ्यांकडून सरसकट करून घेतात. मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बाईसाठी हे धोक्याचं आहे. मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या एका छोट्या अभ्यासात पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या बायकांपैकी १६ टक्के जणींचे मणके पुढे आणखी दबले, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे. वर्गातल्या मॅडमना मी हे सांगितलं, आता त्या माझ्याकडून भुजंगासन करून घेतात.

दीड वर्षाने त्याच मशीनवर पुन्हा डेक्सा केला. मणका उणे २.६, खुबा तसाच. यातलं औषधाचं किती आणि व्यायामाचं किती, हे माझ्या एकटीच्या रिपोर्टवरून वेगळं काढता येणार नाही. पण व्यायामाने जे दिलं ते त्या कागदावर उमटतच नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी पंगतीत मांडी घालून बसले आणि कुणाचा हात न धरता उठले. पावसात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरला, तोल सावरता आला. साठीनंतरचं फ्रॅक्चर बहुतेक वेळा पडल्यामुळे होतं, आणि पडणं कमी करणं कुठल्याही गोळीला जमत नाही. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात व्यायामाने ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं आहे.

जेवणाचं थोडक्यात. कळण्याची भाकरी मला प्राणप्रिय, पण ज्वारीत कॅल्शियम फारसं नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणून पिठात नाचणी मिसळते. दोन वेळा दूध-दही, तिळाची चटणी. वरची कमी भरायला कॅल्शियम कार्बोनेटची एक गोळी, दुपारच्या जेवणासोबत.

पुढचं सलाईन लवकरच आहे. तीन सलाईननंतर औषधाला सुट्टी द्यायची का ते डॉक्टर ठरवतील. फार वर्षं सलग घेतल्यास मांडीचं हाड वेगळ्याच प्रकारे मोडण्याचा दुर्मीळ धोका असतो, म्हणून मांडीत किंवा जांघेत विनाकारण दुखायला लागलं तर लगेच दाखवायला सांगितलं आहे. ज्यांना डेनोसुमॅब या हाडांच्या दुसऱ्या औषधाचं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालू आहे, त्यांनी मात्र अशी सुट्टी स्वतःहून घेऊ नये. ते मध्येच बंद केलं तर हाडांची झीज झपाट्याने परत येते आणि एकदम दोन-तीन मणके दबू शकतात. पुढची तारीख चुकणार असं वाटलं तर आधी डॉक्टरांना फोन करा.