व्याख्यानांसाठी घेतलेला व्हॉइस रेकॉर्डर: पावसाळ्यानंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरने अख्खा बोर्ड बदलायला सांगितला आणि खर्च जवळपास नव्या रेकॉर्डरएवढा. बिघाड एवढाच, की पावसाळाभर आत राहिलेले ट्रिपल-ए अल्कलाइन सेल गळले आणि स्प्रिंगवर पांढरी पापडी धरली. गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. त्यावर आम्लाचा उपाय चालतो. कापसाच्या काडीवर लिंबाचे दोन थेंब घेऊन पापडी सुटेपर्यंत हलकं घासायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट वाळवायचं. हाताला लागू द्यायचं नाही. रेकॉर्डर सुरू झाला. आता निकेल मेटल हायड्राइड सेल वापरतोय. त्यांचा व्होल्टेज १.५ ऐवजी १.२, म्हणून बॅटरीची खूण लवकर उतरते, पण प्रत्यक्षात ते पुरतात.

सेलचं निभावलं. माझा खरा राग आहे तो ऑटो गेनवर, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सोयीवर. वक्ता श्वास घ्यायला थांबला की हे सर्किट आवाज वर खेचतं आणि छताच्या पंख्याची घरघर भरून येते. तो पुन्हा बोलला की पहिला शब्द फाटतो. मुंबईत बिनपंख्याचं सभागृह मिळणार कुठे? तासभर असं ऐकलं की डोकं दुखतं, आणि नेमका नवा मुद्दा त्या फाटलेल्या शब्दात असतो. कंपनीने हे मूळ सेटिंग म्हणून का ठेवावं, हे मला अजून पटलेलं नाही. मॅन्युअल लेव्हल लावा, म्हणजे पातळी हाताने ठरवा, मीटरवर आवाजाची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, लो-कट (खालच्या पट्टीची घरघर गाळणारं फिल्टर) चालू करा. आवाज ऐकून आपोआप सुरू होणारी सोय बंदच ठेवा. दर विरामानंतरचं पहिलं अक्षर ती गिळते. टेबलावर ठेवताना खाली घडी घातलेला रुमाल हवा. वक्त्यापासूनचं अंतर निम्मं केलं की त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो, पंख्याचा तेवढाच राहतो. कुठलंही फिल्टर याची बरोबरी करत नाही.

चुनाभट्टीचं मराठी विज्ञान परिषदेचं व्याख्यान असो की पृथ्वी थिएटरमधला टीआयएफआर या संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय’ हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम, बरंचसं सोनं प्रश्नोत्तरांत निघतं. मागच्या रांगेतला प्रश्न मात्र कुठलाच रेकॉर्डर नीट पकडत नाही. तो वहीतच उतरवावा लागतो.

एका बाबतीत मत बदललं. रेकॉर्डिंग असलं की टिपणांची गरज नाही, असं सुरुवातीला वाटायचं. पण दीड तासाची, १२८ केबीपीएसची ८६ एमबीची फाइल अभ्यासगटात टाकली तर ती कोणी उघडत नाही. आता वहीच्या समासात फक्त रेकॉर्डिंगमधली वेळ आणि दोन शब्द: ‘२३:४० तिवराची श्वसनमुळं’. त्याच रात्री तेवढा तीन मिनिटांचा तुकडा कापायचा, ६४ केबीपीएस मोनोत. दीड एमबीसुद्धा होत नाही. सोबत आपल्याला न कळलेला एक प्रश्न लिहायचा. यावर उत्तरं येतात, दुरुस्त्या येतात, कुणी आपल्या वर्गातली माहिती जोडतं. वक्त्याची परवानगी मात्र आधी घ्याच. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार व्याख्यान देणाराही ‘परफॉर्मर’, म्हणजे हक्क असलेला सादरकर्ता, ठरतो.

लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, रेकॉर्डर घेणार असाल तर काउंटरवरच मेन्यू उघडून मॅन्युअल लेव्हल आहे का ते बघा. नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.