बायनॉरल रेकॉर्डिंग: आधी डोकं ठरवा, रेकॉर्डर नंतर

हेडफोन लावून ऐकताना मागून कुणी हाक मारली असं वाटून आपण खरोखरच वळून बघतो, तेव्हा ते रेकॉर्डिंग बहुधा बायनॉरल असतं. दोन माइक दोन कानांच्या जागी आणि मधे डोकं, किंवा डोक्यासारखं काहीतरी. कल्पना जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावरचा आवाज टेलिफोनच्या दोन रिसीव्हरांतून लोकांच्या दोन कानांना वेगवेगळा ऐकवला होता.

या छंदात शिरणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘रेकॉर्डर कोणता घेऊ?’ मीही तेच विचारलं होतं. भारी रेकॉर्डर घेतला, त्याला साधे कानातले माइक जोडले आणि पहाटेच्या शांततेत जी खरखर ऐकू आली तिचा दोष वर्षभर रेकॉर्डरला देत राहिलो. खरखर माइकची होती. म्हणून ही तुलना उलट्या क्रमाने करतो: आधी डोकं, मग माइक, शेवटी रेकॉर्डर.

आवाज कुठून आला हे आपण मुख्यतः तीन खुणांवरून ओळखतो. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास. साधारण १५०० हर्ट्झच्या वरचे आवाज डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला दबके ऐकू येतात. तिसरी खूण कानाच्या पाळीची, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या सगळ्या कानाची. ५ किलोहर्ट्झला तरंगलांबी सात सेंटिमीटरच्या आत येते, म्हणजे पाळीच्या मापाला भिडते, आणि तिथून वर पाळीच्या घड्या आवाजावर आपला ठसा उमटवतात. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं कळतं ते बरंचसं या ठशावरून. कोणतंही बायनॉरल साधन हाती घेतलं की एकच विचारायचं: यातल्या किती खुणा हे टिकवतं?

स्वतःचे कान की पुतळ्याचे

कानात घालायचे छोटे माइक तिन्ही खुणा टिकवतात, कारण डोकं, खांदे, पाळी सगळं खरं असतं. रोलँडचा सीएस-१०ईएम हा यातला ओळखीचा नमुना. त्यात माइकबरोबर ऐकायचे इअरफोनही आहेत, त्यामुळे रेकॉर्ड होताना काय येतंय ते कळतं. साउंड प्रोफेशनल्स आणि साउंडमन यांचेही याच जातीचे माइक आहेत. वरच्या टोकाला डीपीए या माइक-कंपनीचा ४५६०: कानांवर बसणाऱ्या तारेवर ४०६० जातीचे दोन जुळवलेले माइक.

फायदा उघड आहे. खिशात मावतं, गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही, चालता चालता रेकॉर्ड होतं. पण मग तुम्हीच माइकचा स्टँड होता. आवंढा गिळलात तर तो ऐकू येतो. जॅकेटची कॉलर मानेला घासली तर तीही. पक्षी ओरडला म्हणून मान वळवली की ऐकणाऱ्याचं सगळं जग गरकन फिरतं. मी एकदा तळ्याकाठी चाळीस मिनिटं पुतळ्यासारखा बसलो होतो. घरी येऊन ऐकलं तर सर्वांत स्पष्ट आवाज माझ्या नाकातल्या श्वासाचा.

पुतळ्याला श्वास नसतो. नॉयमन या माइक-कंपनीचा केयू १०० हा १९९२ पासूनचा कृत्रिम डोक्याचा मापदंड. त्याच्या आधी त्याच घराण्यात केयू ८० आणि केयू ८१ होऊन गेले. १०० ची स्वतःची खरखर १६ डेसिबल-ए (कानाला जशी जाणवते तशी मोजलेली), संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक आवाजाला माइक किती वीज देतो ती, दर पास्कलला (आवाजाच्या दाबाच्या एककाला) २० मिलिव्होल्ट, वजन साडेतीन किलोच्या घरात. त्याचा आवाज अशा रीतीने समतोल केलेला आहे की लाउडस्पीकरवरही तो विचित्र वाटत नाही. कानातल्या माइकांचं रेकॉर्डिंग तिथे बरेचदा पोकळ आणि चिरकं होतं. पण त्याची किंमत हौशी माणसाच्या आवाक्यात बसणारी नाही, आणि ते बाहेर नेणं म्हणजे एका पाहुण्याला सांभाळून फिरवणं. रेडिओनाटक, संगीत सभागृह, संशोधन ही त्याची खरी घरं.

मधला मार्ग थ्रीडायो फ्री स्पेस: आडव्या पेटीच्या दोन टोकांना सिलिकॉनचे कान. साध्या आवृत्तीत प्रिमोच्या ईएम१७२ कॅप्सूल (माइकचा आवाज टिपणारा इवलासा भाग), वरच्या प्रो आवृत्तीत डीपीएचे ४०६०. पाळीची खूण इथे आहे, कानांतल्या अंतरामुळे उशिराचीही आहे, पण मधे डोकंच नाही, त्यामुळे आडोसा तुटपुंजा पडतो. जवळच्या कुजबुजीला याने काही बिघडत नाही. कानाशी ओठ नेऊन बोलणाऱ्यांमध्ये हे साधन लोकप्रिय झालं ते उगाच नाही. जंगलाचा किंवा रस्त्याचा विस्तार टिपायचा असेल तर मात्र मी ते घेणार नाही.

आणखी एक गरिबाघरचा उपाय आहे आणि तो मला मनापासून आवडतो. दोन साधे सर्वदिशी माइक घ्यायचे आणि मधे आडोसा ठेवायचा: फोम चिकटवलेली लाकडी तबकडी, किंवा डोक्याएवढ्या जाडीचं झाडाचं खोड. तबकडीची पद्धत स्विस ध्वनिमुद्रक युर्ग येकलिन यांच्या नावाने ओळखली जाते. पाळी नसल्यामुळे पुढचं-मागचं नीट उलगडत नाही. पण पाळीचा ठसा नाही म्हणजे दुसऱ्याच्या पाळीचा ठसाही नाही. माझ्या कानांनी रेकॉर्ड केलेलं तुम्ही ऐकता तेव्हा समोरचा आवाज तुम्हाला मागे किंवा डोक्याच्या आत वाटू शकतो, कारण तुमच्या घड्या वेगळ्या. तबकडीचं रेकॉर्डिंग सगळ्यांना सारखंच बरं वाटतं, आणि स्पीकरवरही चालतं. ते खोडाला बांधून तुम्ही रात्रभर घरी झोपू शकता, ही सोय निराळीच.

खरखरीचा हिशोब

आता आकडे, कारण माझी वर्षभराची चूक इथेच होती.

प्रिमोच्या ईएम१७२ ची स्वतःची खरखर सुमारे १४ डेसिबल-ए. डीपीए ४०६० ची २३. कानातल्या स्वस्त माइकांची बरेचदा तिशीच्याही वर. वाऱ्याविना शांत रानात भोवतालचा आवाज विशीच्या आसपास उतरू शकतो. म्हणजे शेवटच्या प्रकारच्या माइकने रान टिपायला गेलात तर रानाऐवजी माइक ऐकाल. गंमत अशी की नावाजलेला ४०६० इथे त्याहून कितीतरी स्वस्त प्रिमोच्या मागे पडतो. तो नाटकात आणि गाण्यात टिकाऊ म्हणून प्रसिद्ध आहे, मोठा आवाज शांतपणे पचवतो. निःशब्द पहाट हे त्याचं क्षेत्रच नाही.

मग रेकॉर्डरची खरखर? ती डेसिबल-यूमध्ये, म्हणजे विजेच्या पातळीच्या मापात, उणे आकड्यात देतात, जितकी उणे तितकी चांगली. ४०६० ची संवेदनशीलता दर पास्कलला २० मिलिव्होल्ट आहे. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबल; तिथपासून २३ पर्यंत खाली उतरत हिशोब केला तर त्याची खरखर विजेच्या रूपात उणे १०३ डेसिबल-यूच्या आसपास निघते. ईएम१७२ जास्त संवेदनशील आहे, म्हणून त्याचीही उणे १०६ च्या घरात येते. रेकॉर्डरची खरखर माइकच्या खरखरीपेक्षा १० डेसिबलने खाली असेल तर एकूण खरखर अर्ध्या डेसिबलनेही वाढत नाही. थोडक्यात, उणे ११६ किंवा त्याहून खालचा रेकॉर्डर या दोन्ही माइकांना पुरून उरतो. उणे १२७ चा घेऊन कानाला काही फरक कळणार नाही. केयू १०० इतकं शांत डोकं असेल, किंवा कमी संवेदनशील माइक असेल, तरच पुढच्या पायरीचा विचार करा.

रेकॉर्डर: कोणाबरोबर कोण

या छोट्या माइकांना चालायला थोडी वीज लागते. साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमधून रेकॉर्डर दोन-तीन व्होल्ट देतो, ती प्लग-इन पॉवर. स्टुडिओच्या तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीतून येते ती ४८ व्होल्टची फँटम पॉवर. दोन्हींची गल्लत करू नका. योग्य अडॅप्टर मधे न घेता नाजूक कॅप्सूलला फँटम दिली तर ती कायमची जाऊ शकते. मेन्यूत प्लग-इन पॉवर बंद राहिली तर उलटा प्रकार: तासभराची फाइल, आत काहीही नाही.

खिशातल्या वर्गात सोनीचा पीसीएम-ए१०, टॅस्कॅमचा डीआर-०५एक्स आणि झूमचा एच१ इसेन्शियल असे तिघे समोर येतात. तिघांनाही साडेतीन मिलिमीटरचा माइक-जॅक आणि प्लग-इन पॉवर आहे. सोनी सर्वांत लहान, वरच्या खिशात पेनासारखा राहतो, पण बॅटरी आतलीच, ती संपली की खेळ संपला. टॅस्कॅमला साधे सेल लागतात, ते कुठेही मिळतात. २०२४ मध्ये आलेला एच१ इसेन्शियल ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलीत मावेल अशा रीतीने, रेकॉर्ड करतो, म्हणून आवाजाची पातळी आधी ठरवायची कटकटच नाही. कानातले माइक घालून चालणाऱ्या माणसाला ही मोठी सुटका आहे. जुन्यात सोनीचा पीसीएम-एम१० अजून लोक शोधून घेतात, शांत जॅक आणि दोन सेलांवर भरपूर चालणं यासाठी. उत्पादन बंद झालंय, तेव्हा जॅक सैल झालेला नाही ना हे हलवून बघावं.

एक्सएलआरच्या वर्गात माझी निवड झूम एफ३. दोनच इनपुट, ३२-बिट फ्लोट, खरखर उणे १२७. वर सिद्ध केलं की इतकी शांतता लागत नाही, मग तो का? कारण बायनॉरलमध्ये डावं-उजवं अगदी सारखं हवं. ज्या रेकॉर्डरला पातळीच्या दोन वेगळ्या चकत्या आहेत तिथे एक केसभर पुढे सरकली की चित्र एका बाजूला कलतं, आणि पिशवीत हात घालताना ती सरकतेच. एफ३ वर पातळीची चकतीच नाही. उणीव अशी की प्लग-इन माइकांसाठी दोन अडॅप्टर लागतात, फँटम उतरवून तीन ते पाच व्होल्ट करणारे. रोडचा व्हीएक्सएलआर प्लस हे त्यातलं एक. शिवाय स्टिरिओ वायर दोन मोनोंत फोडावी लागते. साउंड डिव्हायसेसचा मिक्सप्री-३ II ही अडचण सोडवतो, कारण त्याला एक्सएलआरही आहे आणि प्लग-इन पॉवरचा छोटा जॅकही. पण तो जड आहे आणि सेल भराभर खातो. रोज पोट भरायला रेकॉर्डिंग करणाऱ्याने घ्यावा.

३२-बिट फ्लोटबद्दल एक गैरसमज आहे. ते रेकॉर्डरला फाटण्यापासून वाचवतं, माइकला नाही. ड्रमसेटच्या शेजारी बसलात आणि कॅप्सूलच कोलमडली, तर फाइल कितीही बिटांची असो, आवाज फाटकाच येणार. प्लग-इन पॉवर कमी व्होल्टची असेल तर हे आणखी लवकर होतं. म्हणून मोठ्या आवाजासाठी मधे ९ व्होल्टची बॅटरी-पेटी घालतात.

शेवटी काय घ्यावं

शहरात फिरत, बाजार, स्टेशनं, गप्पा टिपायच्या असतील तर कानातले साधे माइक आणि एच१ इसेन्शियल. भोवतालचा गोंगाट माइकची खरखर गिळून टाकतो, तिथे महाग माइकवर पैसे घालवू नका. रान, पाऊस, रात्र टिपायची तर ईएम१७२ ची जोडी आणि तबकडी किंवा खोड. रेकॉर्डर टॅस्कॅम असला तरी सुरुवातीला पुरे. संगीत जवळून टिपायचं असेल तर ४५६० आणि एफ३. कुजबुजीसाठी फ्री स्पेस. केयू १०० भाड्याने मिळत असेल तर एकदा जरूर ऐका, निदान आपल्या साधनाची उणीव नेमकी कुठे आहे ते कळेल.

दोन गोष्टींवर मात्र हात आखडता घेऊ नये. पहिली वाऱ्याची टोपी. कानातल्या माइकवरचा नुसता फोम झुळूक थोपवतो, वारा नाही. केसाळ टोपी घातली की पाळी झाकली जाते आणि उंच पट्टीच्या आवाजाची धार जाते. उघड्या माळावर मला पाठ वाऱ्याकडे करून बसण्याहून चांगला उपाय सापडलेला नाही. दुसरी साठवणुकीची जागा: २४-बिट, ४८ किलोहर्ट्झवर तासाला साधारण एक जीबी, ३२-बिट फ्लोटवर १.४. जागा वाचवण्यासाठी कमी दराची एमपी३ करू नका, डाव्या-उजव्यातले बारकावे पहिल्यांदा तीच खाते. आपोआप पातळी ठरवणारा ऑटो-गेन आणि मोठा आवाज दाबणारा लिमिटर दोन्ही बंद ठेवा.

उजव्या माइकच्या वायरीला लाल चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला उजव्या कानाशी दोनदा चुटकी वाजवा. बाजू उलटल्या तर त्या घरी ओळखता येतात.