जर-तरची विमानकथा: जर्मनी, ब्रिटन की जपान?

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवर जर-तरची कथा लिहायला घेतली की बहुतेकांचा पहिला हात जर्मनीवर पडतो. हिटलरने मी-262 या जेटला बॉम्बर करण्याचा हट्ट धरला नसता, तर? हा फाटा सोडून द्या, असं मी आग्रहाने सांगेन. हिटलरला ते विमान दाखवलं नोव्हेंबर 1943मध्ये. त्याचं यूमो 004 इंजिन कारखान्यातून सलग बाहेर पडायला 1944चं मध्य उजाडलं. हट्ट वगळला तरी इंजिनाअभावी विमानं जमिनीवरच राहतात.

जर्मनीच हवी असेल तर हाइन्केल कंपनीचं हे-280 घ्या. दोन जेट इंजिनांचं हे लढाऊ विमान 1941च्या वसंतात उडालं. मी-262 केवळ जेटच्या जोरावर उडालं ते 18 जुलै 1942ला. वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी सोय हे-280मध्ये होती आणि जानेवारी 1942मध्ये तिने खरोखर एका वैमानिकाचा जीव वाचवला. मार्च 1943मध्ये जर्मन हवाई मंत्रालयाच्या एर्हार्ड मिल्खने प्रकल्प बंद केला. तो दोन वर्षं आधी मंजूर झाला असता, तर? प्रश्न मोहक आहे, पण हाइन्केलचं स्वतःचं इंजिन हवा तेवढा जोर कधी देऊ शकलं नाही, आणि यूमो त्या छोट्या विमानाला जड पडत होतं.

त्यातही मोठी अडचण धातूंची. टर्बाइनच्या पात्यांना निकेल-क्रोमियम लागतं. जर्मनीकडे ते इतकं कमी होतं की यूमोचे ज्वलनकक्ष साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा थर देऊन बनवत. इंजिन दहा ते पंचवीस तासांत संपायचं. तुर्कस्तानने एप्रिल 1944मध्ये क्रोमियम थांबवलं, मे महिन्यापासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर बॉम्ब पडू लागले. एका मंजुरीने यातलं काय बदलतं? ही भिंत कथेत दाखवणार असाल तरच जर्मनीकडे जा.

ब्रिटनमध्ये सगळे व्हिटलच्या पाच पौंडांपाशी थांबतात. फ्रँक व्हिटलने 1930मध्ये जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1935मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड न भरल्यामुळे ते रद्द झालं. प्रसंग हळहळ लावतो, पण ते पैसे भरले असते तरी तेवढी उष्णता सोसणारे मिश्रधातू तयार नव्हते.

मला त्याहून आवडतो 1942च्या अखेरचा सौदा. व्हिटलचं इंजिन बनवण्याचं काम रोव्हर या मोटार कंपनीकडे होतं आणि दोघांचं पटत नव्हतं. रोल्स-रॉइसचे अर्नेस्ट हाइव्ह्ज आणि रोव्हरचे स्पेन्सर विल्क्स क्लिदरो गावातल्या हॉटेलात जेवायला बसले, आणि जेटचा कारखाना रणगाड्याच्या इंजिनाच्या कारखान्याशी बदलायचं ठरलं. पुढे काम झपाट्याने मार्गी लागलं. त्यातून निघालेलं वेलंड इंजिन दुरुस्तीला येण्याआधी 180 तास चाले. हेच जेवण 1941च्या सुरुवातीला झालं असतं, तर? इथे धातू बदलावा लागत नाही, फक्त दोन माणसांची भेट लवकर घडवावी लागते. म्हणून तिघांत हा फाटा सर्वांत विश्वासार्ह वाटतो. उणीव एकच: ते इंजिन बसवलेल्या मीटिओर या ब्रिटिश जेट लढाऊ विमानाचा पल्ला कमी, त्यामुळे युद्धाचा निकाल हलत नाही. बदलतो तो 1944च्या उन्हाळ्यातला लंडनचा काळ. खऱ्या इतिहासात 4 ऑगस्टला एका मीटिओरच्या तोफा अडकल्या, तेव्हा वैमानिकाने पंखाने ढकलून व्ही-1 हा जर्मन उडता बॉम्ब पाडला. अशा तुकड्या जूनमध्येच तयार असत्या, तर किती घरं उभी राहिली असती! दिवाळी अंकातल्या दहा-बारा पानांना एवढं पुरतं.

मोठी कथा लिहायची असेल तर मात्र जपान. मित्सुबिशी कंपनीचे अभियंते जिरो होरिकोशी यांनी जपानी नौदलाच्या झीरो या लढाऊ विमानासाठी इंजिन निवडताना मोठ्या किन्सेई इंजिनाचा विचार केला होता, पण वैमानिकांना जड विमान आवडणार नाही म्हणून लहान झुइसेई घेतलं. नंतर नौदलाने नाकाजिमा कंपनीचं साकाए इंजिन बसवलं. वजन वाचवण्यासाठी चिलखत नाही, गोळी लागल्यावर आपोआप बुजणारी इंधनटाकीही नाही. किन्सेई अखेर बसलं ते 1945मध्ये. झीरोचं वारसदार विमान रेप्पू, त्याच्या वेळी तर होरिकोशींना मित्सुबिशीचं इंजिन हवं होतं, नौदल नाकाजिमाच्या होमारे इंजिनावर अडून बसलं. मे 1944मध्ये उडालेलं विमान मंद निघालं. हवं ते इंजिन बसल्यावर वेग ताशी सुमारे 628 किलोमीटरवर गेला, पण डिसेंबरमध्ये मित्सुबिशीचे कारखाने असलेल्या नागोयाला आधी भूकंपाने आणि आठवड्याभरात अमेरिकेच्या बी-29 बॉम्बर विमानांनी हादरवलं.

किन्सेईचा निर्णय 1938मध्ये वेगळा झाला, तर विमान जड होतं, पल्ला घटतो, आणि मग फॉर्मोसाहून (आजचं तैवान) फिलिपिन्सवरचा हल्लाच नव्याने आखावा लागतो. बदल्यात जोरदार इंजिनाला चिलखत पेलतं आणि मुरलेले वैमानिक 1943पर्यंत जिवंत राहतात. प्रत्येक फायद्याला किंमत आहे आणि ती पात्रांना मोजावी लागते. यात कादंबरी सहज मावते. अभ्यास मात्र दुप्पट लागेल.

सुरुवात मी मार्च 1939ला केली असती. नागोयाच्या कारखान्याला लागून धावपट्टी नव्हती. जगातल्या उत्तम लढाऊ विमानांत गणलं जाणार असलेलं पहिलं झीरो सुटं करून बैलगाड्यांवर चढवलं, आणि ते रात्रीच्या रस्त्याने कागामिगाहाराच्या विमानतळाकडे निघालं.